सतरावा नियम

“सर, अपवाद एकूण किती?” तिने विचारले.

“सोळा,” मी म्हणालो.

तिने वहीत सोळा लिहिले आणि आकड्याभोवती गोल काढला. अपवाद सतरा होते.

तोंडातून चुकून निघाले की मी ठरवून म्हणालो, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. स्वतःच्या खटल्यात स्वतःच साक्षीदार असलेल्या माणसाचे जेवढे ऐकावे तेवढेच माझे ऐकावे. पण सोळा म्हणताना सतरावा माझ्या डोळ्यांसमोर होता, एवढे मात्र खरे.

आम्ही बसलो होतो ती खोली ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला, नकाशांच्या कपाटांपलीकडे आहे. एक खिडकी, दोन टेबले. खिडकीजवळचे टेबल अकरा वर्षे माझे होते. ती आली तेव्हा साहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रंथपालांनी, तिला उजेड लागेल म्हणून मला आत सरकायला सांगितले. मी लगेच सरकलो. कुणी काही सांगितले की आधी ते करून टाकायचे आणि मग महिनाभर मनात कुढायचे, हा माझा जन्माचा स्वभाव.

माझे काम थोडक्यात सांगतो. ग्रंथालयात साठ हजारांवर पुस्तके आहेत. प्रत्येकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत टपालाच्या तिकिटाएवढा एक टॅग चिकटवलेला असतो. त्याला बॅटरी नसते. एरवी तो झोपलेला असतो. जवळच्या रीडरने हाक दिली की जागा होतो, आपला नंबर सांगतो आणि पुन्हा झोपतो. स्पर्श लागत नाही, दिसावे लागत नाही, पिशवीच्या आतूनही तो बोलतो. असे रीडर आमच्याकडे चार: बाहेरच्या दाराच्या दोन खांबांत एक, परतीच्या खिडकीत एक, वर्गवारीच्या टेबलाखाली एक आणि कपाटे तपासायचा एक हातातला. या चौघांना काय ऐकू आले त्यावरून पुस्तक आले, गेले, की न विचारता निघाले, हे ठरवणारा प्रोग्राम मी लिहिलेला होता. मी मूळचा सूचिकार, पुस्तकांच्या याद्या करणारा. प्रोग्राम लिहायला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकलो, तेही याच ग्रंथालयातली पुस्तके स्वतःच्या कार्डावर नेऊन. त्यातल्या एका पुस्तकाची मुदत मी नऊ वेळा वाढवून घेतली होती. तरी ते पूर्ण कळले असे म्हणवत नाही.

आता ते जुने रीडर मोडकळीला आले होते आणि सुटे भाग मिळत नव्हते. नवे घेतले ते निराळ्या कंपनीचे, निराळी बोली बोलणारे. माझ्या प्रोग्रामला जुन्यांचीच बोली कळे. म्हणून सहा महिन्यांसाठी ही मुलगी बाहेरून आणली. माझी निवृत्ती त्याच सहा महिन्यांच्या शेवटाला लागून येत होती, त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली.

कागदावर तिचा हुद्दा सॉफ्टवेअर आर्किटेक्ट असा होता. आमच्या दारावरच्या रखवालदाराने त्यातला आर्किटेक्ट तेवढा ऐकला आणि पहिल्याच दिवशी तिला आपल्या चौकीत नेऊन भिंतीची ओल दाखवली. दुसरी कुणी असती तर हसली असती. तिने भिंतीला हात लावून पाहिला, वर पाहिले आणि म्हणाली, यातलं मला कळत नाही, पण वरच्या मजल्यावरचा नळ एकदा बंद करून बघा. नळ बंद केला, ओल गेली. तेव्हापासून ती आली की रखवालदार उठून उभा राहू लागला. माझ्यासाठी तो अकरा वर्षांत कधी उठला नव्हता. त्याने उठावे अशी माझी अपेक्षा नव्हती, असे मी आधी लिहिले होते. ते खोडले आहे.

पहिल्या आठवड्यातच तिने भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर एकावर एक अशा तीन चौकटी काढल्या आणि सगळ्यांना बोलावून समजावून सांगितले. तळाच्या चौकटीत दुभाषी. प्रत्येक रीडरला एक. रीडर कोणत्याही बोलीत बोलला तरी दुभाष्याने वर एवढेच सांगायचे, की या जागी हा नंबर ऐकला. मधल्या चौकटीत चाळणी. रीडर एकच नंबर सेकंदाला वीस-वीस वेळा ऐकतो, शेजारून गेलेल्या माणसाच्या हातातलाही ऐकतो. त्या गलक्यातून चाळणीने एकच गोष्ट वर द्यायची, की हे पुस्तक या दारातून एकदा गेले. आणि सर्वांत वर नियम. प्रत्येक नियमाला वेगळा खण, खणावर नियमाचे नाव, तारीख आणि तो का केला त्याचे कारण. उद्या रीडर बदलले तर तळाचा दुभाषी बदलायचा, वरच्यांना पत्ताही लागणार नाही. उद्या नियम बदलला तर खालच्यांची झोप मोडणार नाही.

“कुणी कुणाच्या घरात डोकवायचं नाही,” ती म्हणाली. “मग भांडणं होत नाहीत.”

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या प्रोग्राममध्ये सगळे सगळ्यांच्या घरात राहत होते. दाराच्या रीडरची बोली, ऐकलेल्याची गाळणी आणि ग्रंथालयाचे नियम एकाच खोलीत, एकाच पांघरुणाखाली. एखादा नियम हलवायला गेलो की परतीची खिडकी बंद पडायची. मी ठिगळ लावायचो. अकरा वर्षांत मूळ कापड कुठे होते तेही दिसेनासे झाले होते.

ती रचना मला आवडली नसती तर बरे झाले असते. वाईट गोष्टीला नाक मुरडता येते. चांगल्या गोष्टीपुढे माणसाला काही करता येत नाही, पोटात दुखते तेवढेच.

त्या संध्याकाळी घरी मी माळ्यावरची जुनी वही शोधून काढली. मला पक्के वाटत होते, की ही चौकटींची कल्पना नऊ वर्षांपूर्वी मलाही सुचली होती. फक्त कुणाला दाखवायचा धीर झाला नव्हता. वही मिळाली, पानही मिळाले. त्यावर दोनच चौकटी होत्या, एक वर आणि एक खाली. मध्ये एक लांब रेघ, आणि रेघेशेजारी माझ्याच अक्षरात लिहिले होते: “मध्ये काहीतरी हवे. काय?”

आमची ही दारात उभी राहून बघत होती. तिने विचारले नाही, मी सांगितले नाही, तरी तिला कळले. छत्तीस वर्षांत तिला माझी पाठ वाचता येऊ लागली आहे.

“गेला आठवडाभर जेवताना ती मुलगी, झोपताना ती मुलगी,” ती म्हणाली. “दुसऱ्या बायकांना निदान वेगळी शंका तरी घेता येते. माझ्या नशिबी तेवढंही नाही.”

मी म्हणालो, मुलगी हुशार आहे, एवढेच सांगत असतो.

“हुशार आहे असं सांगताना दात एवढे आवळू नका. आधीच दोन हलताहेत.”

आता मावशींबद्दल सांगायला हवे. त्या ग्रंथालयातली झाडपूस करतात. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. त्या कंत्राटदाराकडून येतात, म्हणजे कागदोपत्री ग्रंथालयाच्या नोकर नाहीत. म्हणून नोकरांना पुस्तके नेता येतात ती त्यांना नेता येत नाहीत. सभासद व्हायचे तर राहत्या घराचा स्वतःच्या नावचा कागद लागतो. त्या भावाच्या घरात राहतात, कागद भावजयीच्या नावावर. असे ते दोन्हीकडून अडले होते.

दारात खांब बसले त्या वर्षी आमच्या आधीच्या ग्रंथपाल बाईंनी मला बोलावून घेतले. त्या म्हणाल्या, की मावशी रोज संध्याकाळी एक पुस्तक नेतात आणि सकाळी झाडायला येतात तेव्हा जागच्या जागी ठेवतात, हे मला ठाऊक आहे आणि ते चालू राहायला हवे. “लिहून देत नाही,” बाई म्हणाल्या, “लिहिलं की कुणीतरी वाचतं. तुम्ही दाराला सांगा, तिच्यापुरता डोळा मीट म्हणावं.” मी दाराला सांगितले. मावशींच्या गळ्यातल्या ओळखपत्रातही टॅग आहे. दारात एकच पुस्तक आणि त्याबरोबर ते ओळखपत्र ऐकू आले, तर भोंगा वाजवायचा नाही आणि नोंदही करायची नाही. एवढाच नियम. कारण लिहिले नव्हते, नाव लिहिले नव्हते. दाराच्या फाइलमध्ये नुसता एक कार्ड नंबर.

मावशींची वाचायची रीत मी कुठे पाहिली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीजवळच्या पहिल्या कपाटाच्या वरच्या खणातले डावीकडचे पहिले पुस्तक नेले. दुसरे त्याच्या शेजारचे. ज्या ओळीने पुसतात त्या ओळीने वाचतात. विषय कोणता, लेखक कोण, ते बघत नाहीत. नाही आवडले तर सोडत नाहीत, कारण धूळ सोडून पुढे जाता येत नाही तसे ते आहे, असे त्या म्हणतात. खूण म्हणून पुसायच्या पिवळ्या फडक्याची एक चिंधी पुस्तकात घालतात. अकरा वर्षांत त्या नवव्या कपाटापर्यंत आल्या होत्या.

रोज सकाळी माझ्या टेबलावरून फडके फिरवताना त्या कालच्या पुस्तकाचा निकाल सांगत. निकाल लहान असे. एका जाडजूड चरित्राबद्दल म्हणाल्या, “याच्या बायकोनं लिहायला हवं होतं.” मधमाश्यांवरच्या पुस्तकाबद्दल म्हणाल्या, “वाचून झाल्यावर भाऊ बरा वाटायला लागला.” जाता जाता कधी म्हणत, “तुमचं दार मला ओळखतं हो. माणसांपेक्षा बरं.” माझ्या प्रोग्रामची आयुष्यात झालेली स्तुती एवढीच. ती मी रोज थोडी थोडी पुरवून वापरत असे.

त्या मुलीचे टेबल खिडकीशी आणि दाराकडून पहिले. साहजिकच मावशी आधी तिच्याकडे पोचू लागल्या. पहिल्या महिन्यात फडके फिरवून माझ्याकडे येत. दुसऱ्या महिन्यात तिथे थांबू लागल्या. मुलगी काम थांबवून, खुर्ची वळवून ऐके. मी कधी खुर्ची वळवली नव्हती, मान हलवत टाइप करत राहायचो. एका सकाळी दोघी हसल्या. मावशींनी निकाल दिला असणार, पण मला ऐकू आला नाही. माझ्या टेबलापर्यंत येईस्तोवर निकाल संपला होता. नुसते फडके आले.

त्याच दुपारी तिने मला, दाराने भोंगा वाजवू नये असे अपवादाचे नियम किती ते विचारले आणि मी सोळा म्हणालो.

त्यावर कुणी म्हणेल, की माणूस विसरतो. म्हणून पुढचेही सांगतो. तीन आठवड्यांनी माझ्या जुन्या फाइली वाचत असताना ती थांबली आणि म्हणाली, “सर, दाराच्या फाइलमध्ये एक कार्ड नंबर एकटाच आहे. कशाचा?”

“जुन्या चाचणीचा असेल,” मी म्हणालो.

“काढून टाकू?”

“टाका.”

ती मला सर म्हणे. ग्रंथालयात मला सगळे काका म्हणतात. सर म्हणवून घ्यायची मला किती हौस होती, ते तिने म्हटल्यावर कळले, आणि तिच्याकडूनच मिळावे याचा आणखी राग आला.

माझ्या मनात काय होते ते लिहितो. नवी यंत्रणा सुरू होईल. एखाद्या संध्याकाळी दार उगाच ओरडेल. ती गोंधळेल, तिच्या तिन्ही चौकटी उघडून बघेल, तिला काही सापडणार नाही. मग ती खोलीच्या आतल्या टेबलाकडे बघेल. मी सावकाश उठेन, चष्मा पुसेन आणि म्हणेन, “एक गोष्ट आहे. या इमारतीची सवय असावी लागते.” हे वाक्य मी आंघोळ करताना म्हणून बघितले होते. त्यात सवय म्हणावे की माहिती म्हणावे, यावर दोन दिवस घालवले होते. पण मी जे दार मनात बघत होतो त्यात कुणीच उभे नव्हते. नुसते दोन खांब आणि भोंगा. दार ओरडते तेव्हा त्यात कुणीतरी माणूस असतो, हे अकरा वर्षे दारे सांभाळलेल्या मला सुचले नाही.

यंत्रणेच्या चाचण्या सुटीच्या दिवशी होत, तेव्हा मावशी नसत. सुरू करायचा दिवस ठरला. ग्रंथालयाच्या समितीच्या अध्यक्ष बाई पाच वाजता आल्या. मुलीने एका ढकलगाडीवर चाळीस पुस्तके रचली आणि गाडी दारातून ढकलत नेली. पडद्यावर चाळीस ओळी उमटल्या. एकही दोनदा नाही, एकही कमी नाही. माझ्या प्रोग्रामने अशा वेळी छत्तीस दाखवली असती, नाहीतर चव्वेचाळीस, आणि मी घाम पुसत पुन्हा ढकला म्हणालो असतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, की नियम सगळे सरांचे आहेत, मी फक्त खण केले. बाई माझ्याकडे वळल्या. साहेब म्हणाले, “हे आमचे जुने.” जुने काय, ते त्यांनी सांगितले नाही.

ती असे बोलली नसती तर बरे झाले असते. टाळ्या तिच्या, वर मनाचा मोठेपणाही तिचाच. मला उरले होते काय?

सगळे चहाचे पेले घेऊन दाराजवळच घुटमळत होते. सहा वाजून गेले. मावशी आतून आल्या. खांद्याला नेहमीची कापडी पिशवी. एवढी माणसे बघून त्या जरा बिचकल्या, मग कडेकडेने दाराकडे निघाल्या. मी पंधरा पावलांवर होतो. हाक मारायला पंधरा पावले फार नाहीत. मी तोंड उघडलेही होते. तेवढ्यात मावशी त्या मुलीजवळून गेल्या, तिच्या दंडाला हात लावून काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मी तोंड मिटले.

भोंगा वाजला.

तो अकरा सेकंद वाजतो. अकरा मीच ठरवले होते; दहा कमी वाटले होते. मावशी दोन खांबांच्या मध्ये तशाच उभ्या राहिल्या. त्यांना आधी कळलेच नाही, की हे आपल्यासाठी आहे. त्यांनी मागे वळून पाहिले, कोण आहे म्हणून. मागे कुणी नव्हते. रखवालदार पुढे आला, थांबला, साहेबांकडे बघू लागला. साहेब अध्यक्ष बाईंकडे बघत होते. शेवटी रखवालदाराने हात पुढे केला आणि मावशींनी पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली. डबा. कंगवा. औषधाची पट्टी. घडी केलेले एक फडके. आणि नवव्या कपाटातले एक पुस्तक, त्यात पिवळी चिंधी.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारले.

“पुस्तक,” मावशी म्हणाल्या.

कुणीतरी हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “दार मला ओळखतं.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. एखादी गोष्ट खरी आहे ना, एवढे सांगायला आपण ओळखीच्या माणसाकडे बघतो, तसे पाहिले.

मी हातातला पेला खाली ठेवू लागलो. तेवढ्यात ती मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, “थांबा. माझ्याकडून काहीतरी राहिलं असणार. जुना एखादा नियम आणायचा राहिला असेल. चूक माझी आहे, यांची नाही.”

काय राहिले ते तिला ठाऊकही नव्हते. तरी तिने ते घेतले. आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटले असेल, तर लाज नव्हे. मला वाटले, चूकसुद्धा हिने माझ्याआधी आपल्या नावावर करून घेतली. मत्सराला तळ नसतो असे म्हणतात. असतो, आणि तो मी त्या दिवशी पाहिला. इतके दिवस ज्या वस्तूंवर माझा डोळा होता त्यांत ही एक चूक तरी माझीच होती.

“सतरावा नियम आहे,” मी म्हणालो. “सतरा आहेत. मी सोळा दिले. आधीच्या बाईंची परवानगी होती. मावशींनी काहीही केलेलं नाही. मी सांगितलं नाही.”

“विसरलात?” साहेबांनी विचारले. त्यांच्या आवाजात तसे म्हणा अशी विनंती होती.

“नाही,” मी म्हणालो.

अध्यक्ष बाई समंजस होत्या. त्यांनी फार काही विचारले नाही. मावशींना रीतसर सभासद करून घ्या, घराचा कागद नसला तरी चालेल, तो नियमच बदलू, असे त्या तिथल्या तिथे म्हणाल्या. मला लेखी खुलासा द्यायला सांगितले. मावशी एकेक वस्तू पुन्हा पिशवीत भरत होत्या. पुस्तक त्यांनी भरले नाही. ते टेबलावर ठेवले, जरा सरळ केले, आणि त्या दारातून बाहेर पडल्या. दार बोलले नाही.

रात्री हिला सगळे सांगितले. तिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, “वड्याचं तेल वांग्यावर काढलंत.” एवढेच. ताट मात्र रोजच्यासारखे वाढले.

दुसऱ्या दिवशी मुलगी आपल्या टेबलाशी बसली होती. मी आत जाऊन बसलो. थोड्या वेळाने ती न वळता म्हणाली, “तो नंबर. चाचणीचा म्हणालात. मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो.”

तिने तिसऱ्या चौकटीत सतरावा खण उघडला आणि उठून मला आपल्या खुर्चीत बसवले, खिडकीजवळ. नाव, तारीख आणि कारण भरायचे होते. कारणाच्या ओळीत मी लिहिले: “आधीच्या ग्रंथपालांची तोंडी परवानगी. वाचक ओळीने वाचतात.” दुसरे वाक्य अनावश्यक होते, पण तिने ते खोडले नाही. तो नियम मी यादीतून का वगळला, त्यासाठी खण नव्हता. तिच्या रचनेतली ती एकच उणीव मला सापडली आणि ती मी सांगितली नाही. तिने मला सर म्हणणे सोडले नाही. त्याचे मला काय करावे ते कळेना.

मावशींची माफी मागायला मी नवव्या कपाटाशी गेलो. त्या वरच्या खणातून पुसत येत होत्या. मी जे काही तयार करून नेले होते ते अर्धे बोललो.

“तुमचं भांडण यंत्राशी होतं की पोरीशी, ते मला नाही कळत, काका,” मावशी म्हणाल्या. त्यांचा हात थांबला नव्हता. “उघडली मात्र माझी पिशवी.”

मग त्यांनी मला जरा सरकायला सांगितले, कारण मी उभा होतो तिथली धूळ राहिली होती.

त्यांचे सभासदाचे कार्ड आठवड्यात झाले, फोटोसकट. साहेबांनी ते स्वतः दिले. मावशींनी दोन्ही हातांनी घेतले, धन्यवाद म्हटले आणि माझ्यासमोर ते कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या खणात, चमच्यांच्या शेजारी ठेवले. अजून तिथेच आहे. सतराव्या नियमाची आता गरज उरली नाही, पण मुलीने तो काढला नाही.

ती मागच्या महिन्यात गेली. त्यामुळे मला खिडकीजवळचे टेबल परत मिळाले. माझे आता अकरा दिवस राहिले आहेत. काम काही नसते. हातातला रीडर घेऊन मी कधी कपाटांमधून फिरतो. नवव्या कपाटाच्या तिसऱ्या खणात ते पुस्तक आहे. टॅग आपला नंबर सांगतो. चिंधी तशीच आहे, पान एकशे बारा. त्याच्या पुढची पुस्तके मावशी रोज पुसतात.

इमारत काटकोनात वळते, म्हणून या खिडकीतून बाहेरचे दार दिसते. सहा वाजले की मावशी येतात. त्यांना येताना पाहिले की रखवालदार आता उठून उभा राहतो आणि छताकडे बघू लागतो. त्याने एकदा त्यांना सांगितले म्हणे, मावशी, नका हो, कुणी मागत नाही. पण त्या दोन खांबांच्या मध्ये थांबतात. खांद्यावरची पिशवी खाली घेतात आणि दोन्ही हातांनी तिचे तोंड उघडून धरतात, आतले तळापर्यंत दिसेल असे. एखाद्याला नीट बघायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ उभ्या राहतात. मग पिशवी मिटतात, खांद्याला लावतात आणि जातात.